तलावाच्या अटीवर

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्र २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरे करतो. २०२५ चा सप्ताह मात्र जड मनाने साजरा करावा लागला. पद्मश्री जाहीर झाली त्याच वर्षी, १८ जून २०२५ रोजी, चितमपल्लींनी सोलापुरात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या पश्चात आलेला तो पहिलाच पक्षी सप्ताह. ज्या नवेगाव बांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून त्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्या नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानालाही २०२५ मध्येच पन्नास वर्षे झाली. १९७५ साली गोंदिया (तेव्हाचा भंडारा) जिल्ह्यातल्या या सुमारे १३४ चौरस किलोमीटरच्या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, आणखी एक गोष्ट घडली होती आणि तिची पन्नाशी देशभर धूमधडाक्यात साजरी झाली. ती म्हणजे ‘शोले’चे प्रदर्शन.

एका गाजलेल्या चित्रपटाचा आणि झाडीपट्टीतल्या एका जंगलाचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो केवळ सालाचा नाही. ‘शोले’तले रामगढ उभे राहिले ते बंगळुरूजवळच्या रामनगरच्या कातळटेकड्यांत. राम येडेकर या मराठी कलादिग्दर्शकाने तिथे अख्खे गाव उभारले. पुढे पन्नास वर्षे लोक गब्बरचा अड्डा शोधत त्या टेकड्या चढत राहिले. पण त्या कातळांच्या कपारींत चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून लांब चोचीच्या गिधाडांची घरटी होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभरातली गिधाडे मरू लागली, तेव्हा उरल्यासुरल्यांचे मोल कळले. २०१२ साली रामदेवरबेट्टा हे गिधाडांसाठीचे अभयारण्य घोषित झाले. आज तिथे मोजकीच गिधाडे आहेत. सिनेमाच्या ओढीने येणारा प्रवासी आणि कपारीत अंडे उबवणारा पक्षी यांनी एकाच डोंगरावर कसे नांदायचे, हा प्रश्न रामनगरला फार उशिरा पडला.

तोच ‘शोले’ आपल्या जंगलातही येऊन गेला आहे, तो वाघाच्या रूपाने. नागझिऱ्यात जन्मलेल्या एका देखण्या वाघाला लोकांनी जय हे नाव दिले आणि त्याच्या भावाला वीरू. २०१३ साली जय राष्ट्रीय महामार्ग ओलांडून, वैनगंगेचे खोरे पार करून, शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. तो पडद्यावरच्या नायकासारखाच प्रसिद्ध झाला. त्याला पाहायला दूरदूरहून माणसे आली, त्याच्या नावावर त्या अभयारण्याचे पर्यटन उभे राहिले. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही. एवढा नावाजलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. प्रसिद्धीने वाघाचे रक्षण होतेच असे नाही, हा धडा विदर्भाने जयकडून घेतला आहे. आता तो जागांच्या बाबतीतही घ्यायला हवा.

कारण पडद्यावर पाहिलेली जागा प्रत्यक्ष पाहावी, ही ओढ आता पर्यटनाचा मोठा आधार बनली आहे. या ओढीत वावगे काही नाही. ‘स्वदेस’ आणि ‘गंगाजल’ पाहून माणसे वाईला आणि मेणवलीला जातात. नाना फडणविसांनी बांधलेला कृष्णाकाठचा घाट, तिथली वसईच्या मोहिमेतून आलेली घंटा, वाड्याची चौकट हे सारे त्यांना सिनेमामुळे दिसते. वाईत चित्रीकरणाने कित्येक घरांना काम दिले, हेही खरे. ‘सैराट’ने करमाळ्याचा उजाड माळ घराघरांत पोहोचवला. ज्या मातीकडे कुणी वळून पाहत नव्हते, तिच्याकडे कॅमेऱ्याने माना वळवल्या, तर त्याचे स्वागतच करायला हवे. प्रश्न पुढचा आहे. ‘थ्री इडियट्स’ २००९ मध्ये आला आणि लडाखमधल्या पँगाँगच्या काठावर गर्दी लोटली. आज तिथे चित्रपटातल्यासारख्या पिवळ्या स्कूटर भाड्याने फोटोसाठी उभ्या असतात आणि माणसे त्यांच्यावर बसून छायाचित्र काढतात. सरोवर मात्र त्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीला जाते. तेरा-चौदा हजार फुटांवरच्या त्या थंड वाळवंटात पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचे काय करायचे, हा प्रश्न काठावरच्या गावांच्या वाट्याला येतो.

थायलंडमधल्या माया बे या चिमुकल्या आखाताची कथा याहून बोलकी आहे. ‘द बीच’ या चित्रपटासाठी १९९९ मध्ये तिथले वाळूचे उंचवटे सपाट केले गेले, नारळाची झाडे आणून लावली गेली. किनारा आधीच सुंदर होता, पण चित्रपटाला हवा तसा नव्हता. त्यावरून सुरू झालेला खटला दोन दशकांहून अधिक काळ चालला. चित्रपट २००० साली आला आणि मग रोज हजारो माणसे नौकांतून उतरू लागली. नांगर आणि पंखे यांनी प्रवाळ खरवडून निघाले. अखेर जून २०१८ मध्ये थायलंड सरकारने आखात बंद केले. साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, ते उघडले तेव्हा नौकांना आत यायला मनाई होती आणि एका वेळी किती माणसांना सोडायचे याचा आकडा ठरलेला होता. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे उथळ पाण्यात परतले होते. निसर्ग क्षमाशील आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. तो वेळ देण्याची तयारी माणसाने बहुतेकदा सगळे ओरबाडून झाल्यावरच दाखवली आहे.

नवेगाव बांध अजून त्या वळणावर आलेले नाही. म्हणूनच आत्ता बोलायला हवे. या तलावावर अद्याप कुठल्या गाजलेल्या चित्रपटाचा शिक्का नाही. त्याला प्रसिद्धी दिली ती लेखणीने. ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’ वाचलेला कुणीही मराठी वाचक हा तलाव न पाहताच ओळखतो. शेजारच्या नागझिऱ्याचे तेच. व्यंकटेश माडगूळकर हे मराठी चित्रपटांसाठी पटकथा लिहिणारे लेखक. ते नागझिऱ्यात येऊन राहिले ते वही आणि रेखाटनाचा कागद घेऊन. त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. त्यांनी जंगलाकडून काही मागितले नाही, जे दिसेल ते टिपले. चितमपल्ली तर नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या पायाशी बसून जंगल शिकले. सरकारी अधिकाऱ्याने गावातल्या माणसाला गुरू मानले, तेव्हा ती पुस्तके झाली. लेखक जागेपाशी थांबला, जागेच्या वेळापत्रकाने राहिला, म्हणून त्याच्या प्रसिद्धीने तिला इजा झाली नाही. चित्रपटाला आणि प्रवाशाला हीच सवय लावता येईल का, हा आजचा विषय आहे.

नवेगाव बांध हे मुळात माणसाच्या हातचे काम आहे. साधारण अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली खिंड पाळ घालून अडवली आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव उभा राहिला, असे परंपरा सांगते. सात बहिणी नावाच्या डोंगरशिखरांवरच्या देवतांनी त्यांना हात दिला, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलांनाही पुढे लोकांनी कोलासूर देव म्हणून पुजले. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा प्रदेश आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने हे जलशास्त्र उभे केले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात उतरतो, बोडीचे पाणी धानाच्या बांध्यांत झिरपते, आणि पाणी उताराला लागेपर्यंत गावाच्या कामी येत राहते. आज ज्याला आपण निसर्गरम्य स्थळ म्हणून पाहायला जातो, ते सौंदर्य या कामाच्या ओघात आलेले आहे.

या व्यवस्थेचा प्राण पाळीत, म्हणजे पाणी घेण्याच्या ठरलेल्या क्रमात होता. पाणी भरपूर असले तरी ते कुणी वाटेल तेव्हा सोडून घेत नसे. आधी कुणाच्या बांधीत, नंतर कुणाच्या, कमी पावसाच्या साली किती जमिनीला द्यायचे आणि तलावाच्या पोटात किती राखायचे, हे ठरलेले असे. कारण तेच पाणी धानाला लागे, जनावरांना लागे, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मासोळीला लागे आणि शिंगाड्याच्या वेलीलाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की तळाचा गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत जाई. तलाव खोल होई आणि जमीन सुपीक. पाणलोटातले जंगल राखले जाई, कारण जंगल उघडे पडले की गाळ येतो, हे पाळ घालणाऱ्याला ठाऊक होते. कुणाचा हक्क किती आणि कुणाची जबाबदारी कोणती, हे गावात सर्वांना माहीत असे. आज शाश्वत पर्यटनावर परिषदा भरतात, त्यांतल्या चर्चेचा बराचसा गाभा या पाळीत आहे. टिकणारी प्रत्येक गोष्ट वाटून घ्यावी लागते, आणि वाटणी आधी ठरवावी लागते. जे नवेगावने पाण्याला लावले, तेच त्याने आता पाहुण्यांना लावावे.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारकडे आले तेव्हा त्यांच्यासोबतची पाळी आणि देखरेख आली नाही. बांध खचले, गाळ साचला, बेशरम ही वनस्पती माजली. तिच्यावर उतारा शोधला तो याच तालुक्यातल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने अर्जुनी मोरगाव परिसरातल्या तलावांत त्यांनी बेशरम उपटली, तळ नांगरला आणि मुळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती काठाला, कुठली कमरेएवढ्या पाण्यात आणि कुठली खोलात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. कारण कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, हे त्यांच्या रोजच्या व्यवहारातले ज्ञान होते. वनस्पती आल्या, मासे वाढले, पाठोपाठ पक्षी आले. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, ती पाने कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लावलेली असतात. दुर्बिणीतून ते दृश्य पाहणाऱ्या प्रवाशाला या कष्टांची ओळख करून दिली, तर त्याचा प्रवास अर्थपूर्ण होईल.

आता तलावावर काय घडते ते पाहू. चित्रपट आला नसला तरी कॅमेरा आला आहे. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी जोडपी येतात, रील करणारी मुले येतात. नोव्हेंबरातली सकाळ असते. बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात, पुंजणे उभे राहत असतात. पाण्यावर धुके असते, आणि मधोमध वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके, अडईचे झुबके, थोड्या अंतरावर तलवार बदके आणि लालसरी विसावलेल्या असतात. काठावर गाडी थांबते, गाणे मोठ्याने लागते, रंगीत धूर सोडला जातो आणि ड्रोन वर चढतो. त्या घरघरीला पक्षी शिकारी समजतात. सगळा थवा एकदम उठतो आणि तलावाला वळसे घालत राहतो. छायाचित्रकाराला तो क्षण फार मोहक वाटतो. थव्याला तो महागात पडतो. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याची चरबी वाटेतच झडलेली असते. मार्चमधल्या परतीसाठी ती याच पाण्यावर भरून काढायची असते. दिवसातून चार-पाच वेळा उगाच उडावे लागले, तर खाण्याचा वेळ जातो आणि खाल्लेलेही खर्ची पडते. असे आठवडाभर झाले, की थवा तो तलाव सोडतो.

जंगलातही हेच. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवून धरले. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि वाटाड्यांवर कारवाई झाली, ती योग्यच. पण मागच्या आसनांवर बसलेल्यांचाही त्यात वाटा होता. वाघ जवळून दिसायला हवा, आणि तो फोनमध्ये आलाच पाहिजे, हा आग्रह त्यांचा होता. पडद्याने आपल्याला जवळून पाहण्याची सवय लावली आहे. चित्रपटातला वाघ भिंग लावून, महिनोन्‌महिने वाट पाहून टिपलेला असतो. प्रवाशाला तेच दृश्य तीन तासांच्या फेरीत हवे असते. ही अपेक्षा बदलल्याशिवाय कुठलाही नियम टिकणार नाही.

आणि ही जागा कुणाच्या त्यागावर राखली गेली, तेही विसरता येणार नाही. २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका या अभयारण्यांसह सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटरचे जंगल त्यात आले. त्या जंगलासाठी कवलेवाडा, कालीमाटी, झंकारगोंदी या गावांतल्या कुटुंबांनी घरदार सोडून श्रीरामनगरला नवा संसार मांडला आणि आश्वासनांच्या पूर्ततेसाठी त्यांना पुढे आंदोलनेही करावी लागली. याच जिल्ह्यात महाराष्ट्रातल्या सारसांचे अखेरचे बळकट ठिकाण आहे. गणनेत त्यांचा आकडा पन्नाशीच्या आत येतो. सारसांची जोडी घरटे करते ती भर पावसाळ्यात, रोवणी झालेल्या बांधीत. शेतकरी तेवढा तुकडा न कापता, न निंदता सोडून देतो. विजेच्या तारांना धडकून सारस मरू लागले तेव्हा उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. शेतकऱ्याने मात्र आपल्या बांधीतली जागा कुणी न सांगता दिली. पर्यटनाचा रुपया पहिल्यांदा जायला हवा तो अशा माणसांच्या हाती.

मग या प्रदेशात जबाबदारीने यायचे म्हणजे कसे? पहिली गोष्ट रेल्वेची. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरहून पुणेमार्गे महाराष्ट्र एक्स्प्रेस, या दोन्ही गाड्यांचा शेवटचा थांबा गोंदिया आहे. राज्याच्या पश्चिम टोकाहून पूर्व टोकापर्यंत गाडी न बदलता येता येते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावर देवलगाव स्थानक आहे आणि तिथून नवेगाव बांध जवळ. चारचाकीने नागपूरहून धडकायचे, दोन तासांत तलाव आणि तीन तासांत सफारी आटोपून संध्याकाळी परतायचे, अशा प्रवासात गावाच्या पदरी धूळ आणि रिकाम्या बाटल्या पडतात. रेल्वेने आलेला माणूस मुक्काम करतो. तो गावातल्या रिक्षात बसतो, गावात जेवतो, सायकल मिळाली तर पाळीवरून फिरतो. देवलगाव स्थानकावर भाड्याच्या सायकली आणि गाडीच्या वेळेला जोडलेली सामाईक वाहने ठेवणे हे काही अवघड काम नाही. जिल्हा प्रशासनाने ते या हंगामात करून दाखवावे.

दुसरी गोष्ट मुक्कामाची आणि वेळेची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा काळ आणि तोच झाडीपट्टीच्या आनंदाचाही. भाऊबीजेपासून गावोगावी मंडया भरतात, दंडारी रंगतात आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे या रंगभूमीचे माहेर. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची दखल घ्यावी लागली. पडद्यावरच्या कथेच्या शोधात निघालेल्या प्रवाशाने एक रात्र शामियान्यात बसून जिवंत नाटक पाहावे. हजारो माणसे थंडीत चादरी गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात, गाण्याला दाद देतात, खलनायकावर ओरडतात. सकाळी तलावावर पक्षी, दुपारी शिंगाडे आणि मासोळीचे जेवण, रात्री नाटक असा दोन दिवसांचा मुक्काम कुठल्याही सफारीहून श्रीमंत आहे. गोठणगावच्या बाजूला १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटच्या पठारावरून येणारे पट्टकादंब हंस या जिल्ह्यातल्या तलावांवर हिवाळा काढतात आणि त्याच पठारावरून आलेली माणसे इथे दोन पिढ्या शेती करत आहेत. अशा जागा सांगणारा वाटाड्या गावातच मिळतो. त्याला त्याचा मान आणि मोबदला मिळावा.

तिसरी गोष्ट चित्रपटांची. ते येणार आहेत आणि यावेत. आपल्या भाषेतल्या कथा आपल्या मातीत चित्रित व्हाव्यात, झाडीपट्टीची बोली आणि झाडीपट्टीचे नट पडद्यावर दिसावेत, ही इच्छा इथल्या प्रत्येकाची आहे. राज्य सरकारची चित्रीकरण परवान्यांसाठी एक खिडकी व्यवस्था आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २८, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम होऊ न देता चित्रीकरणाची मुभा देते. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या यांना त्या कलमाचे कवच नाही, आणि सारस, कमळपक्षी, अडई राहतात ते तिथेच. तिथला नियम गावालाच करावा लागेल. जुलै ते ऑक्टोबर या विणीच्या काळात तलावात आणि बांध्यांत चित्रीकरण नको. हिवाळ्यात तलावावर ड्रोन, यंत्रनौका आणि रात्रीचे झगझगीत दिवे नकोत. पाण्यातले दृश्य हवे असेल तर ढिवराच्या डोंग्यातून घ्यावे आणि डोंगा वल्हवणाऱ्याला त्याचे दाम द्यावे. जागेच्या भाड्यातला ठरावीक वाटा ग्रामसभेला आणि मच्छीमार संस्थेला थेट मिळावा, आणि तो पाळीच्या दुरुस्तीला, गाळ काढायला वापरला जावा. श्रेयनामावलीत ज्या जागेचे आभार मानले जातात, तिथे जाण्याचे नियमही तिथेच सांगावेत. निर्मात्याचे त्यात काही जात नाही आणि लाखो प्रेक्षकांपर्यंत एक चांगली सवय पोहोचते.

हे अशक्य नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले आणि फुलांवर माणसांचे लोंढे आले. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने शुल्क घेऊन व्यवस्था सांभाळली. तिथे अजून अडचणी आहेत, वादही आहेत. पण फुले तुडवणाऱ्या पायाला अडवण्याचा अधिकार गावाला मिळाला, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. नवेगावच्या काठावर मच्छीमार संस्था आहेत, वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, परिस्थितिकीय विकास समित्या आहेत. माणसे आणि संस्था जागच्या जागी आहेत. त्यांना एकत्र बसवून पाहुण्यांची पाळी ठरवण्याचे काम तेवढे राहिले आहे.

निर्बंध घातले तर पर्यटक येणार नाहीत आणि पोरांचा रोजगार बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो घेणाऱ्यांची पोटे हातावरची आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. धानाच्या पट्ट्यात रोवणी आणि कापणी सरली की हाताला काम नसते. तरुण नागपूरला, पुण्याला, हैदराबादला जातात. त्यांना गावात रोजगार हवाच. पण एका गाजलेल्या दृश्याच्या जोरावर आलेली गर्दी दोन-तीन हंगामांत ओसरते. मागे उरतात रिकामे ढाबे, कर्जाने घेतलेल्या गाड्या आणि पक्ष्यांनी सोडलेला तलाव. उलट, कमी माणसे आली पण दोन रात्री राहिली, गावात जेवली, वाटाड्या घेऊन फिरली, तर त्याच पैशात गावाचा वाटा मोठा राहतो आणि पुढच्या वर्षीही तो येतो. तलावाने हेच शिकवले आहे. एका साली सगळे पाणी सोडून घेणाऱ्याच्या बांधीत त्या साली धान भरपूर होते, पुढच्या साली काहीच होत नाही.

वाचकांसाठीही या सप्ताहात एक आवाहन आहे. जिथे जाल, तिथली जागा एखाद्या दृश्याची नक्कल करायला वापरू नका. थव्याच्या जवळ जाण्यासाठी नावाड्याला जास्तीचे पैसे देऊ नका. घरट्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. सोबत नेलेले प्लास्टिक सोबत परत आणा. चितमपल्लींचे एखादे पुस्तक जाण्याआधी वाचा आणि ज्या पक्ष्यांची नावे त्यांनी मराठीला दिली, ती मुलांना काठावर बसून शिकवा. राज्याच्या पर्यटन, वन आणि सांस्कृतिक खात्यांनी मिळून नवेगाव बांध परिसरासाठी चित्रीकरण आणि पर्यटनाची एकच आचारसंहिता ग्रामसभांच्या संमतीने तयार करावी. चितमपल्लींना याहून उचित आदरांजली नाही. उद्यानाची पन्नाशी केवळ फलक आणि भाषणांनी साजरी होत नाही. त्याबरोबर काठावरच्या गावांनी या हिवाळ्यातच ठराव करावेत आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ते मान्य करावेत.

प्रसिद्धी कधी येईल हे गावाच्या हातात नसते. एखादा चित्रपट गाजतो, एखादी चित्रफीत लाखोंनी पाहिली जाते आणि पुढच्या रविवारी रस्ता गाड्यांनी भरून जातो. त्या रविवारी नियम करायला बसता येत नाही. माया बेने आधी प्रसिद्धी घेतली आणि नंतर नियम केले, तेव्हा साडेतीन वर्षे समुद्राला माणसांपासून सुट्टी द्यावी लागली. नवेगावच्या तलावाला तशी सुट्टी देता येणार नाही, कारण त्याच्या पाण्यावर धान आहे, ढिवरांची चूल आहे आणि गावाचे जगणे आहे. म्हणून इथे क्रम उलटा हवा. नियम या हिवाळ्यात, कॅमेरा त्यानंतर.